लाल मोहऱ्यांचा कोट

मी गाडीखाली होतो. मागच्या चाकाच्या स्प्रिंगचा पाटा मोडला होता, तो बदलून नट आवळत होतो, तेव्हा खड्ड्याच्या काठाशी दोन पाय येऊन थांबले. चपला ओळखीच्या होत्या. डाव्या चपलेचा अंगठा टायरच्या रबराचा होता, तो मीच लावून दिला होता. शेजारचा दाऊदभाई इथं डेपोत कशाला आला असेल असं मनात आलं, आणि सायकल मोडली असेल, असं उत्तरही मीच देऊन टाकलं. तो खाली वाकला नाही. नुसता म्हणाला, "सहादेवभाऊ, घरी चला." मी म्हणालो, "आलो. एवढे नट आवळून घेतो." चपला जागच्या हलल्या नाहीत. मी राहिलेले नट आवळले, पुन्हा एकदा पान्यानं तपासले, हात बोळ्याला पुसले आणि वर आलो. मग त्याचं तोंड बघितलं. मनकर्णा, माझी बायको, गेली होती. मी नट आवळत होतो तेव्हा तिला जाऊन बराच वेळ झाला होता, त्यामुळे मी लगेच वर आलो असतो तरी काही फरक पडला नसता. हे मला नंतर पुष्कळांनी सांगितलं. मलाही ते पटतं. पण ती गाडी पाथर्डीची होती, मनकर्णेच्या माहेरची, आणि अजूनही ती पाथर्डीलाच जाते. संध्याकाळी ती डेपोत परत आली की मी मागच्या चाकाकडे बघतो. नट चांगले बसले आहेत. ते कधी ढिले पडले नाहीत.

घरी गेलो तेव्हा ती चुलीपासून थोड्या अंतरावर निजवलेली होती. परातीत मिलो ज्वारीचं लाल पीठ मळलेलं तसंच होतं. त्या साली दुष्काळात रेशनवर तेच मिळायचं, आणि त्याच्या भाकरीला चव नाही म्हणून मी रोज कुरकुर करायचो. दाऊदभाईची बायको रोशनबी तिच्या उशाशी बसली होती. ती रडत नव्हती. माझ्याकडे बघून म्हणाली, "आज बांधणार हुती." मला काही कळलं नाही. दुःखात माणूस काहीही बोलतं, असं समजून मी पुढं झालो. आमच्या परड्यात आणि त्यांच्या परड्यात कमरेएवढी भिंत आहे. दुपारी मनकर्णा ती ओलांडून तिकडे जायची हे मला ठाऊक होतं. तिकडे जाऊन त्या दोघी काय करतात, असं मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, बसतात काहीतरी करत.

दहाव्याला सीना नदीच्या कोरड्या पात्रात पिंड ठेवला. दुष्काळानं कावळे उपाशी होते, काठावरच्या बाभळीवर ओळीनं बसले होते, खाली उतरायचे, पिंडाभोवती उड्या मारायचे आणि परत जायचे. आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा पोरांचं नीट बघू असं म्हणायची सोय नव्हती. मेव्हणा मच्छिंद्र पुढं झाला आणि हात जोडून म्हणाला, "आक्के, म्हातारीची काळजी करू नको, मी हाय." कावळा शिवला नाही. तिची मावशी भागूबाई मागून म्हणाली, "जावई दुसरं लगीन करनार न्हाईत, असं म्हना. बाईमानसाचा जीव त्यातच आडकतो." कुणीतरी तोंडाला पदर लावून हसलं. मी म्हणालो, "मी दुसरं लग्न करणार नाही." कावळा पिंडाजवळ आला, मान तिरकी केली आणि बाभळीवर जाऊन बसला. "खोटं वाटलं वाटतं तिला," भागूबाई म्हणाली. ऊन चढत होतं. पाथर्डीच्या मंडळींना दुपारची गाडी गाठायची होती. गुरुजी दर्भ काढायला लागले, शेवटी दर्भाचा कावळा करून तो शिववतात, तसं करू म्हणाले. तेव्हा लांब उभा असलेला दाऊदभाई संकोचत माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, "रोशननं सांगितलंय. डाव राहिलाय, तेवढं म्हणून बघा." कसला डाव, हे मी विचारलं नाही. मला ते सगळं संपायला हवं होतं. मी मोठ्यानं म्हणालो, "तुझा राहिलेला डाव मी पुरा करीन." माझं वाक्य पुरं होतं न होतं तोच कावळ्यानं पिंडात चोच घातली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला, मीही सोडला, आणि त्याच वेळी वाटलं, आपण न बघता कागदावर सही केली.

रोशनबीकडे गेलो ते पुढच्या आठवड्यात. तिच्या मागच्या खोलीत तिवईवर कोंबड्यांचं डालं पालथं घातलेलं होतं. तिनं डालं उचललं. खाली बुद्धिबळाचा पट होता, कापडी, आणि त्यावर लाकडी मोहरे, लाल आणि काळे. ते मोहरे मी ओळखले. लग्नानंतर मनकर्णेच्या ट्रंकेत एका खणाच्या पिशवीत ते होते. तिचे वडील पाथर्डीत तालमीच्या ओट्यावर बसून खेळायचे, पोरगे समोर टिकेनात म्हणून त्यांनी पोरीला शिकवलं. लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यात तिनं ते माझ्यासमोर मांडले होते. मी काय म्हणालो ते आठवत नाही. वाईट काही म्हणालो नसणार. दिवसभर गाडीखाली असायचो, आडवं व्हावंसं वाटलं असेल. पिशवी परत ट्रंकेत गेली आणि मग ती कधी भिंतीपलीकडे गेली, ते मला कळलं नाही. रोशनबीलाही तिच्या आजोबांनी शिकवलं होतं, जुन्याच पद्धतीनं. ती सांगत होती आणि मी ऐकत होतो. आपल्या जुन्या खेळात खेळ सुरू होण्याआधी दोघांनी आपापल्या बाजूला कोट बांधायचा असतो. आठ आठ चाली, पटाची मधली रेघ ओलांडायची नाही, राजाला कुठं बसवायचं, कुणी कुणाला जोर, म्हणजे पाठबळ, द्यायचं ते ठरवून घ्यायचं. आधीचा डाव जिंकला असेल त्यानं पहिल्यांदा बांधायचा, हरलेल्यानं तो बघून मग आपला. काळ्यांचा कोट बांधून झालेला होता. लाल मोहरे दोन ओळींत जागच्या जागी उभे होते. "म्या बांधला. आता ती बांधणार, तेवढ्यात तुमची हाक आली," रोशनबी म्हणाली. "उद्या बांधते म्हणाली आन् गेली."

ती हाक मला आठवत होती. त्या दिवशी गाड्या कमी होत्या, मी लवकर घरी आलो होतो, चूल थंड होती. मी परड्यात जाऊन भिंतीवरून ओरडलो, "अगं ए, चहा मिळेल का आज?" रागानं नव्हतो ओरडलो. पलीकडून तिचं "आले, आले" ऐकू आलं. ती पदर सारखा करत भिंत उतरली. चहा झाला. तो पिऊन मी म्हणालो, साखर कमी पडली. एवढंच. त्या संध्याकाळबद्दल माझ्याजवळ एवढंच आहे.

मी लाल ओळीकडे बघत राहिलो. रोशनबी म्हणाली, "भाऊ, तुम्ही कबूल केलंय नदीवर." मी म्हणालो, "भाभी, मला घोडा कसा चालतो ते सुद्धा ठाऊक नाही." ती म्हणाली, "मग शिका. डालं हाय, कोंबड्या काय हात लावत न्हाईत." मी तिच्याकडे शिकायला तयार झालो असतो, पण ती म्हणाली, ज्याच्याशी खेळायचं त्याच्याकडून कोट बांधायला शिकायचं नसतं.

डेपोत छगन कंडक्टरला बुद्धिबळ येत होतं. आदल्या वर्षी परदेशात जगज्जेतेपदाचा सामना झाला होता, तेव्हापासून पेपरात डाव छापून यायचे आणि छगन ते कापून तिकिटांच्या पेटीत ठेवायचा. जेवणाच्या सुट्टीत त्यानं मला शिकवायला घेतलं. घोडा, उंट, हत्ती हे मी दोन-चार दिवसांत शिकलो. त्यानंतर तो सुरुवातीवर आला. पहिली चाल कोणती करायची यावर जगात केवढाली पुस्तकं आहेत, हे त्यानं मला सांगितलं. राजापुढचं प्यादं दोन घरं काढायचं, नाहीतर वजिरापुढचं. एक सुरुवात इटलीची, एक स्पेनची, एक कुणा राजाच्या नावाची. मला सगळ्याच चांगल्या वाटायच्या. आज एक खेळायचो, उद्या दुसरी. छगन वैतागून म्हणाला, "अण्णा, शिकणाऱ्यानं एकच सुरुवात धरावी. बायकोसारखी. सारखं बदलत बसलात तर एकीचंही काही समजायचं नाही." मग त्याच्या ध्यानात आलं. त्यानं डबा उघडला आणि ठेच्याची पुडी माझ्याकडे सरकवली. मी म्हणालो, "अरे, बोल तू." पण तो त्या दिवशी पुढं बोलला नाही. मी मात्र त्याचं ऐकलं, इटलीची धरली. प्यादं दोन घरं, मग घोडा, मग उंट तिरका बाहेर. हाताला ग्रीसचा वास असायचा आणि छगनच्या पांढऱ्या मोहऱ्यांवर माझे काळे ठसे उमटायचे. महिन्याभरानं मी त्याला पहिल्यांदा हरवलं. मी हसलो. खरोखरचा, पोट धरून हसलो, "अरे, तुझा वजीर गेला की रे" असं ओरडलो, तिकडून ड्रायव्हर लोक बघायला लागले. मग मला आठवलं की मी हे कशासाठी शिकतोय, आणि तोंडावरचं हसू मला आवरेना. गालाचे स्नायू तसेच राहिले. बायको जाऊन वर्ष झालं नाही आणि हा माणूस उन्हात बसून वजीर मारल्याच्या आनंदात आहे. तिला ट्रंकेतून पिशवी काढताना असाच आनंद होत असेल काय, असं वाटलं. आणि तो मला तिच्या समोर बसून झाला असता तर, हा विचार मी तिथंच थांबवला, कारण सुट्टी संपल्याची घंटा झाली होती.

इटलीची सुरुवात घेऊन मी रोशनबीकडे गेलो. अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. दाऊदभाई बाजूला विडी ओढत बसला. डालं उचललं गेलं. मी राजापुढचं लाल प्यादं धरलं आणि दोन घरं पुढं ठेवलं. रोशनबीनं आधी प्याद्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. "हे काय? एकदम दोन घरं?" मी म्हणालो, "अशीच चाल आहे. पेपरात छापलंय." ती म्हणाली, "प्यादं हाय का दाऊदची सायकल, उतारावरनं सोडली की गेली?" दाऊदभाईला विडीचा ठसका लागला. रोशनबी हसायला लागली, मनकर्णा गेल्यापासून मी तिला हसताना पहिल्यांदा बघत होतो, आणि हसता हसताच तिनं ओढणीत तोंड घातलं. जुन्या खेळात प्यादं एकच घर चालतं. दोन घरांची चाल विलायती. छगनला हे माहीत नव्हतं, मला तर नव्हतंच. मी महिन्यांमागून महिने भलताच खेळ शिकलो होतो. प्यादं उचलून मी परत ओळीत ठेवलं, तर ते जरा तिरकं उभं राहिलं, आणि मला वाटलं, मनकर्णेनं ठेवलं होतं तसं ते आता राहिलं नाही. त्या प्याद्याला तिच्यानंतर पहिला हात माझा लागला, तोही चुकून.

मग मी जुनी पद्धत शिकलो. तालमीच्या ओट्यावरचे म्हातारे आता राहिले नव्हते, पण मेव्हणा मच्छिंद्र, ज्याला लहानपणी बापासमोर बसायचा कंटाळा यायचा, त्याला नियम आठवत होते. वर्षश्राद्धाचं बोलायला मी पाथर्डीला गेलो तेव्हा त्यानं जमिनीवर खडूनं पट आखला आणि बोरं, खडे मांडून मला दाखवलं. "राजाला शह लागला नसंल तर येकदा घोड्यावानी उडी मारता येती. म्हंजी कोट आसा बांधायचा की उडी मारायला जागा ऱ्हाईल. आन् ज्याला कुनाचा जोर न्हाई, त्यो मोहरा पुढं घालायचा न्हाई." मग खडू खाली ठेवून म्हणाला, "दाजी, आक्का लई भारी बांधायची. बाप म्हनायचा, पोरीचा कोट फोडायला सैन लागंल." मी विचारलं, "कसा बांधायची?" तो म्हणाला, "ते कुठं आठवतंय? मी उठून जायचो ना." आम्ही दोघं खडूच्या पटाकडे बघत बसलो. त्याची कोंबडी येऊन त्यातलं एक बोर घेऊन गेली. ते जिथं होतं तिथं कुणीतरी दुसरं बोर ठेवायला हवं होतं, पण आम्ही ते केलं नाही.

नगरला आल्यावर मी घरी जमिनीवर पट आखला. मोहरे नव्हते, म्हणून नट आणि वॉशर घेतले. मोठे नट हत्ती, वॉशर प्यादी. डेपोतून आणले, हेही खरं आहे. कामावरून आलो की बसायचो. कोट बांधायचो, मोडायचो. राजा कोपऱ्यात, हत्ती शेजारी, दोन्ही घोडे एकमेकांना जोर देतात असा. नाहीतर उंट मागे ठेवून प्याद्यांची साखळी. हळूहळू मला कुठं भोक राहतं ते दिसायला लागलं. एखादी गाडी रस्त्यावरनं गेली की तिच्या आवाजावरून मला कळतं, क्लच गेलाय, तसं. चहा मीच करून घ्यायचो, साखर कधी बरोबर पडायची नाही. कधी कधी कोट बांधताना मला वाटायचं, हा तिला आवडला असता. मग वाटायचं, तिला काय आवडतं हे तुला कधीपासून कळायला लागलं? नट उचलून डब्यात टाकायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडायचो, कारण मला ते आवडायला लागलं होतं. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

एका रविवारी मी भिंत ओलांडून रोशनबीकडे गेलो. पुढच्या दारानं जायचं, तो परड्यातूनच गेलो, मनकर्णा जायची तसा. दाऊदभाई नमाजाला गेला होता, रोशनबी दारात बसून मेथी निवडत होती. मी म्हणालो, "भाभी, आज बांधतो." ती हात झटकून आत आली. डालं उचललं. मी लाल बाजूला बसलो. मनात तीन कोट तयार करून आणले होते, त्यातला कुठला ते ठरवायचं होतं. मच्छिंद्रनं सांगितलं होतं, समोरचा कोट बघून बांधायचा. इतक्या वेळा तो पट मी बघितला होता, पण दर वेळी लाल ओळीकडेच. काळ्यांकडे नीट बघण्याएवढं मला येतच नव्हतं. आता बघितलं. राजासमोरचं आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही प्यादी पुढं घालून ठेवलेली. घोडा कडेला, कुणाचा जोर नाही. हत्ती आपल्याच उंटामागं कोंडलेला. लाल वजीर एकदा तिरका आला की शह, आणि राजाला उडी मारायला जागा नाही. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. पुन्हा बघितलं. इतका कच्चा कोट मी वॉशर घेऊन पहिल्या आठवड्यातही बांधला नसता.

"भाभी, हा कोट तुम्हीच बांधलाय?"

"मग काय कोंबड्यांनी?"

"असा का बांधला? इथनं वजीर आला की संपलं. मला दिसतंय म्हणजे तिला दिसलंच असतं."

तिनं हातातलं डालं बाजूला ठेवलं. मग खाली बसली, तिवईच्या पायाशी. "तिच्या छातीत दुखत हुतं," ती म्हणाली. "सकाळपास्नं. उजवा हात आसा धरून बसली हुती. म्या म्हटलं, दवाखान्यात जाऊ. तर म्हणली, जाईल आपोआप, यांना सांगू नको, उगं जीव टांगून घेतील. मागचे दोन-चार डाव मीच जिंकले हुते. म्हटलं, आज हिला जिंकू दे. बरं वाटंल. म्हणून तसा बांधला." तिनं काळ्या मोहऱ्यांकडे बोट केलं. "तिनं बघितला आन् हसली. म्हणली, आपा, मला येडी समजते का. तेवढ्यात तुमची हाक आली."

त्या संध्याकाळी चहाची बशी तिनं डाव्या हातानं दिली होती. हे मला त्या क्षणी दिसलं, म्हणजे तेव्हाही दिसलं होतं. बशी माझ्याकडे उलट्या बाजूनं आली, मी ती घेतली आणि साखर कमी पडली म्हणालो.

"सांगायला पाहिजे हुतं मी," रोशनबी म्हणाली. "तुम्हाला न्हाई तर दाऊदला तरी. हे घरीच हुते. म्या तिचं ऐकलं, आन् वर डाव हरायला बसले. तेवढंच करता आलं मला." मग ओढणीनं नाक पुसून ती उठली आणि काळ्या बाजूला बसली. "तुम्ही बांधा आता. वजिराला वाट ठेवा आन् बांधा. मला हरू द्या, भाऊ. एकदा हरले की मी हे डालं कोंबड्यांना देईन."

तिला हरायचं होतं. तेवढ्यासाठी तिनं ते मोहरे सांभाळले होते. आणि मी नदीवर कबूल केलं होतं. राजापुढचं प्यादं एक घर काढलं की वजिराची वाट मोकळी होत होती. मी त्याच्यावर बोट ठेवलं. बोटाच्या नखात ग्रीस होतं. मनकर्णा हसली होती. तिनं हे दान घेतलं असतं का? की तिनंही मुद्दाम तसाच कच्चा कोट बांधून रोशनबीला परत केलं असतं, आणि दोघी हसत बसल्या असत्या? की हात दुखतोय म्हणून पटकन जिंकून घरी येऊन पडली असती? मला यातलं एकही सांगता येईना. तिच्याबरोबर इतकी वर्षं राहिलेल्या माणसाला तिची पहिली चाल सांगता येत नाही, आणि रोशनबी समोर बसून वाट बघतेय. मी जिंकलो असतो तर तो डाव माझा झाला असता. ती ज्याच्या हाकेबरोबर उठून आली, त्याच माणसानं येऊन तिचा डाव जिंकून न्यायचा. मी बोट उचललं.

"उद्या बांधतो," मी म्हणालो. हे शब्द कुणाचे, ते आम्हा दोघांनाही कळलं. रोशनबीनं मान खाली घातली आणि डालं पालथं घातलं.

त्यानंतर वर्षश्राद्ध झालं. पाऊसही झाला, मिलो बंद झाला, रेशनवर गहू येतो. मी रविवारी भिंत ओलांडून जातो. रोशनबी चहा देते, आम्ही डाल्याच्या दोन्ही बाजूंना बसतो, दाऊदभाई डेपोतल्या गोष्टी विचारतो. काळ्यांचा कोट तसाच आहे. लाल मोहरे आपल्या दोन ओळींत उभे आहेत, एक प्यादं जरा तिरकं. लाल बाजूची पहिली चाल अजून झालेली नाही.